‘सोडून द्या’ म्हणजे नेमकं काय सोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘वय ५६. पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या बाजूच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. २०२४ च्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाची झड लागली की रात्री तीन-तीनदा उठून खडकवासला धरणातून किती पाणी सोडलंय ते मोबाइलवर बघते. मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलंय. दोन्ही गोष्टी माझ्या हातात नाहीत हे मला कळतं. घरचे म्हणतात, सोडून दे. पण सोडायचं म्हणजे करायचं काय, हे कोणी सांगत नाही.’

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. समुपदेशनाच्या कामात मला चोवीस वर्षं झाली. ‘सोडून द्या’ हे ऐकून ऐकून रडकुंडीला आलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता हे दोन शब्द मी स्वतः उच्चारतच नाही. खरं सांगायचं तर हा सल्ला बऱ्याचदा देणाऱ्याच्याच सोयीचा असतो. तीच काळजी चौथ्यांदा ऐकून तो कंटाळलेला असतो, आणि त्याला चहा प्यायचा असतो.

बरं, सल्ला मनावर घेतला तर काय होतं? वैद्यबुवांची ती जुनी गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. पुडी दिली आणि बजावलं, औषध घेताना माकड तेवढं आठवू नका. त्या बिचाऱ्या रोग्याला जन्मात कधी औषध घेताना माकड आठवलं नव्हतं. त्या दिवसापासून पुडी उघडली की माकड हजर. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं जवळजवळ हीच गोष्ट प्रयोगशाळेत करून पाहिली. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढची गंमत अशी, की नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, आधी अस्वल दाबून धरलेल्या मुलांच्या मनात ते जास्तच वेळा आलं. सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्यांना त्याचा एवढा त्रास झाला नाही. तेव्हा रात्री अडीच वाजता तुम्ही डोळे घट्ट मिटून ‘धरणाचा विचार करायचा नाही’ असं स्वतःला बजावता, तेव्हा धरण भरतच जाणार. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं काही नाही.

मग सोडायचं काय? याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा आपल्या भाषेत जास्त चांगलं सापडलं. मराठीत काळजीबरोबर तीन क्रियापदं येतात. काळजी वाटते. काळजी करतो. काळजी घेतो. बोलताना आपण ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि माझं निम्मं काम ती वेगळी करण्यात जातं.

वाटणं आपोआप होतं. ढग गडगडले की छातीत धस्स होणं, ‘आई, जरा बोलायचं होतं’ असा मुलाचा मेसेज आला की पोटात खड्डा पडणं. ज्यानं आपल्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी पाहिलंय त्याला हे व्हायचंच. ते तुम्ही करत नाही, म्हणून ते तुम्हाला सोडताही येत नाही. घेणं हे काम आहे. त्याला हातपाय लागतात, बाजारात जावं लागतं, फोन करावा लागतो, आणि मुख्य म्हणजे ते कधीतरी संपतं. करणं या दोघांच्या मधलं आहे. काम केल्यासारखं वाटतं, दमायला कामाइतकंच होतं, पण हातून काही घडत नाही आणि ते संपतही नाही. मोबाइलवर आकडा बघणं, परत बघणं, मुलाच्या आवाजावरून त्याचा मूड ताडणं, नवऱ्याला उठवून ‘यंदा काही होणार नाही ना हो?’ असं विचारणं, अंथरुणात पडल्या पडल्या पुराच्या दिवसाची रंगीत तालीम करणं, हे सगळं करणं. सोडायचं ते एवढंच. वाटणं राहू दे, घेणं वाढलं तरी चालेल.

आता तुमच्या दोन काळज्या घेऊ. त्या एका जातीच्या नाहीत.

आधी पाणी. मुठा नदीचा कारभार तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ असेल, तरी एकदा मांडते, कारण ‘माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य फार ढोबळ आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही वरची तीन धरणं. त्यांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं. चारही मिळून साठा २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) थोडा वर, पण त्यात एकट्या खडकवासल्याची क्षमता जेमतेम दोन टीएमसी. म्हणजे खडकवासला हा मोठ्या पिंपांखाली ठेवलेला तांब्या आहे. वरची पिंपं भरली आणि घाटात पाऊस चालूच राहिला की तांब्यातलं पाणी मुठेत सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. किती सोडायचं ते जलसंपदा विभागाचे अभियंते ठरवतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता, आणि एकता नगरीच्या परिसरात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

यातला पाऊस तुमच्या हातात नाही. धरणाचे दरवाजेही नाहीत. शहर नदीच्या किती अंगावर गेलंय, तेही आज रात्री तर नाहीच. पण ते पाणी तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी येतं तिथून पुढचं बरंचसं आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त गृहस्थ यायचे, नदीकाठचेच. तेव्हा मी नवशिकी नव्हते, तरी चूक केली. म्हटलं, काका, मोबाइलमधलं ते सगळं काढून टाका, बातम्या बंद करा. त्यांनी काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात कळलं की ते आता रात्री दोन वाजता धायरीच्या मेव्हण्याला फोन करून आकडा विचारतात. मेव्हणा वैतागला, काका ओशाळले, आणि झोप होती तिथेच राहिली. मी उलट्या टोकानं सुरुवात केली होती. घ्यायची ती काळजी घेतलेली नसताना करायची काळजी कमी होत नाही, आणि होऊही नये. मन इतकं मूर्ख नसतं.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, ऊन असताना, हे करा. सोसायटीचे सेक्रेटरी आणि रखवालदार यांना विचारून काढा, की गेल्या वेळी विसर्ग किती असताना पाणी फाटकाशी आलं आणि किती असताना पार्किंगमध्ये. कोणाला तरी आठवत असतं, कोणाच्या तरी मोबाइलमध्ये वेळेसकट फोटो असतात. त्या आकड्यांच्या बरंच अलीकडे दोन रेघा मारा. पहिल्या रेघेला गाड्या वरच्या रस्त्यावर न्यायच्या, आणि कुठे न्यायच्या तेही आजच ठरवायचं. दुसऱ्या रेघेला तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना वर आणायचं, लिफ्ट आणि खालचे मीटर बंद करायचे. कोण कोणाकडे राहील हे नावानिशी लिहा. आणि पावसाळ्यात रात्रीच्या पाळ्या लावा: आज जोशी जागे, उद्या शिंदे. ज्याची पाळी तो आकडा बघेल आणि रेघ ओलांडली तर बेल वाजवेल. बाकीच्यांनी झोपायचं. पाळी तुमच्याही वाट्याला येईल, त्या रात्री हवा तेवढा वेळ मोबाइल बघा, तेव्हा ते काळजी करणं नसेल, ड्युटी असेल.

आकड्याबद्दल माझं म्हणणं एवढंच: ज्या आकड्यावर तुम्ही काही करणार आहात तो माहितीचा, बाकीचे सगळे आकडे मनाचे चाळे. अकरा हजाराचे तेरा हजार झाले, आणि तुमची पहिली रेघ समजा पंचवीसवर आहे, तर त्या तेरा हजारांचं रात्री अडीच वाजता तुमच्या घरात काय काम?

घरातलं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला सुचेलच. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये आणि उंचावर, आठवड्याभराची औषधं वेगळ्या डब्यात, गाडीच्या विम्यात पुरानं झालेलं नुकसान धरलंय का ते एकदा वाचून घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्यात तुमच्या गाडीचं नुकसान मिळत नाही.

इथे मला माझी आजी आठवते. आमचं घर नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, आणि पाणी पेठांत शिरलं. पानशेतचं काम तेव्हा पुरतं झालंही नव्हतं, आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. आमचं तळमजल्याचं होतं नव्हतं ते गेलं. त्यानंतर आजीनं माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक ठेवली. घराचे कागद, दोन लुगडी, पोह्यांचा डबा, काडेपेट्या, कंदील. दर वर्षी मृग लागला की ती ट्रंक खाली काढायची, पोहे बदलायचे, काड्या ओढून बघायच्या, पुन्हा वर. मग पावसाळाभर ती त्या विषयावर बोलायची नाही. भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. मोठी झड लागली की ती गप्प व्हायची, माळ जरा भराभर ओढायची. पण झोपायची. माझी आत्या त्याच घरातली, त्याच पुरातली. ती सत्तरी उलटली तरी पावसात रात्री उठून खिडकी उघडून नदीचा आवाज येतोय का ते ऐकत बसायची. आमच्या घरापासून नदी ऐकू येतच नाही. लहानपणी मला वाटायचं, आजी धीट आणि आत्या भित्री. आता वाटतं, दोघींना वाटायचं सारखंच. एकीनं ट्रंक भरली होती.

मुलाचं प्रकरण मात्र अवघड आहे. तिथे भरायला ट्रंकच नाही.

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार, शिवाय अमेरिकेतल्याच विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्जदार याच्या कितीतरी पट. त्यामुळे निवड सोडतीनं होते, आणि नियम सरकारागणिक बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला आणि माझ्याकडच्या आईवडिलांच्या अपॉइंटमेंट एका आठवड्यात वाढल्या. यातलं तुमच्या मुलाच्या हातात थोडं आहे: कंपनी, वकील, कागद वेळेत देणं. तुमच्या हातात? अर्ज नाही, सोडत नाही, त्याचा साहेब नाही. मला दोनच गोष्टी दिसतात. एक, तो परत आला तर ‘हरून आला’ असं ज्या घरात कोणी म्हणणार नाही, असं घर. दुसरी, त्याच्याशी फोनवर कसं बोलायचं ते.

दुसरीकडे जरा थांबू या, कारण इथे आयांची आणि बापांचीही फसगत होते. रोज फोन करून ‘काही कळलं का रे?’ विचारणं हे प्रेमच आहे, नाही असं कोण म्हणेल. पण पलीकडच्या माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर रोज ‘नाही’ असं द्यावं लागतं. स्वतःची धाकधूक सांभाळून त्याला तुमचीही सांभाळावी लागते. मग हळूहळू मुलं गोष्टी लपवायला लागतात. ‘सगळं ठीक आहे गं, तू बीपीची गोळी घेतलीस ना?’ आणि त्याचा आवाज जरा वेगळा लागला की तुमची काळजी दुप्पट, पुढचा फोन लवकर. हे चक्र मी किती घरांत पाहिलं असेल! ते तोडायला एक साधा प्रश्न पुरतो, तो एकदाच विचारायचा: ‘व्हिसाचं मी विचारलेलं तुला बरं वाटतं की तू आपणहून सांगशील तेव्हाच बोलू या?’ बहुतेक मुलं दुसरं निवडतात. मग तो शब्द पाळायचा. रविवारच्या फोनवर तिथल्या थंडीबद्दल बोला, त्यानं केलेल्या खिचडीत पाणी जास्त झालं त्याबद्दल बोला, भांडा, पण व्हिसा त्याचा विषय. पहिले दोन-तीन रविवार तुम्हाला जीभ चावून गप्प बसावं लागेल. बसा.

एवढं केलं तरी काळजी करण्याची सवय उरतेच. तिला रोजची एक वेळ द्यायची. ही युक्ती टॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची. दिवसभरात इतर वेळी आली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. ऐकायला पोरकट वाटतं. माझ्याकडचे लोक पहिल्यांदा हसतात. पण यात ‘माकड आठवू नका’ नाहीये हे बघा. माकडाला ‘संध्याकाळी ये’ एवढंच सांगायचंय, आणि ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘नंतर’ म्हणणं मनाला खूप सोपं जातं.

मी पुण्यात ती थोडी बदलून देते. अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या आसपास, दिवेलागणीच्या आधी, म्हणजे पुढे स्वयंपाक असतो आणि आपोआप उठावं लागतं. जागा पलंगावर नको, झोपाळ्यावर तर नकोच; ताठ पाठीची खुर्ची, शक्यतो एरवी जिथे बसत नाही अशी. टीव्ही बंद. एक वही. रात्री जाग आली तर उशाशी ठेवलेल्या कागदावर दोनच शब्द लिहायचे, ‘पाणी’ किंवा ‘व्हिसा’, आणि कूस बदलायची. अर्ध्या तासात झोप लागलीच नाही तर पलंगावरून उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, कंटाळवाणं काहीतरी वाचा, पेंग आली की परत या. मोबाइल त्या खोलीत नको.

लोक चुकतात कुठे, तेही सांगते. ज्या दिवशी काळजी नसते त्या दिवशी बसत नाहीत. बसायचं, भिंतीकडे बघत वीस मिनिटं काढायची. नाहीतर मनाचा त्या वेळेवर विश्वासच बसत नाही आणि ते रात्रीच हिशेब मागतं. दुसरी चूक, त्या वेळात घरच्यांना ओढतात आणि त्याची सभा होते. तिसरी, चार दिवसांत सोडून देतात. पहिल्या आठवड्यात काळज्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण पहिल्यांदाच त्या मोजल्या जात असतात. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लोक तक्रार करतात की ‘मॅडम, साडेपाचला बसवत नाही, कंटाळा येतो.’ हे ऐकलं की मी खूश होते.

त्या वीस मिनिटांत करायचं काय? नुसतं घोळवायचं नाही. बोर्कोव्हेकच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली ती मला फार पटते: काळजी मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत नाही. ‘काहीतरी होईल’, ‘मग कसं होणार’, ‘निभेल ना’, अशी अर्धी वाक्यं. ती पुरी होत नाहीत म्हणून ती फिरत राहतात. तेव्हा वहीत एक काळजी पूर्ण वाक्यात लिहा आणि तिला ‘पुढे काय?’ विचारत जा. पाणी येईल. पुढे काय? पार्किंगमध्ये भरेल. पुढे काय? गाडी वेळेत हलवता आली नाही तर बिघडेल, दुरुस्तीला महिना जाईल. पुढे काय? वीज जाईल, दोन दिवस घरात अडकू. पुढे काय? पाणी ओसरलं की बहिणीकडे कोथरूडला जाऊ, चार दिवस तिच्या सोफ्यावर झोपू, ती टोमणे मारेल. इथे थांबा. गोष्ट जिथे तुम्ही स्वतः काहीतरी करताय अशा क्रियापदावर येते तिथे बहुतेक वेळा तिचा दम संपतो. व्हिसाचंही असंच लिहून बघा. नाही मिळाला, पुढे काय? हा प्रवास ‘तो घरी येईल, तीन महिने चिडचिड करेल, मग नोकरी शोधेल’ इथे पोचतो. सुखाचा नाही, पण रात्री अडीचला दिसतो तसा कडेलोटही नाही.

कधीकधी मात्र शेवट खरंच वाईट असतो. माझ्या नवऱ्याच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा पाच दिवस मी हे सगळं ज्ञान गुंडाळून ठेवून दर तासाला लॅबचं संकेतस्थळ उघडत होते. रिपोर्ट पाचव्या दिवशी येणार असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि तो पाचव्याच दिवशी आला. चांगला आला. मी सत्तर-ऐंशी वेळा बघितलं म्हणून चांगला आला असं माझ्यातल्या कुठल्यातरी कोपऱ्याला अजूनही वाटतं, आणि काळजीची खरी मेख तीच आहे.

मेख अशी: आपल्याला आतून वाटतं की काळजी कामाला येते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते खरंच आहे. वैऱ्यालाही सुचणार नाही असं मन रचतं, आणि त्यातलं बरंचसं होत नाही. झालं नाही याचं श्रेय आपण पावसाला, डॉक्टरांना, निव्वळ योगायोगाला न देता आपल्या जागरणाला देऊन टाकतो. पुढच्या वेळी जागरण आणखी पक्कं. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी चिंतेच्या विकारावर उपचार घेणाऱ्या २९ जणांना त्यांच्या काळज्या लिहून ठेवायला लावल्या आणि नंतर काय झालं ते तपासलं. सरासरी ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्या नाहीत. अभ्यास छोटा आहे, आणि हा आकडा मी दिलाशासाठी वापरत नाही, कारण उरलेल्या नऊमध्ये तुमचं २०२४ असू शकतं. पण वहीच्या डाव्या पानावर काळजी आणि महिन्यानं उजव्या पानावर प्रत्यक्ष काय झालं, एवढी नोंद ठेवा. दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा स्वतःच्या अक्षरातलं जास्त पटतं.

आयांच्या बाबतीत आणखी एक पदर असतो. आपल्याकडे काळजी न करणारी आई म्हणजे बेफिकीर आई. मुलगा सातासमुद्रापार आणि ही निवांत झोपते, असं शेजारीण म्हणेल, सासू म्हणेल, आणि कोणी नाही म्हटलं तर आपण स्वतःच म्हणू. एक बाई मला म्हणाल्या होत्या, ‘मी काळजी सोडली आणि त्याच दिवशी काही झालं तर?’ त्यांना मी वाद घालून काही पटवलं नाही. एवढंच सांगितलं, की आठवड्यातले सोमवार आणि गुरुवार पूर्वीसारखी पोटभर काळजी करा, मंगळवार-शुक्रवार फक्त संध्याकाळची वीस मिनिटं, आणि मुलाच्या आयुष्यात मंगळवारी-शुक्रवारी जास्त वाईट घडतं का ते बघा. दीड महिन्यानं त्या स्वतःच हसत आल्या.

काहीजण विचारतात, देवावर सोडलं तर? ज्याला जमतं त्यानं जरूर सोडावं. माझ्याकडे येणाऱ्या काहींची पोथी किंवा जप हेच मोठं औषध आहे. त्यात हात गुंततो, तोंड गुंततं, आणि आरती झाली की ते संपतं. फक्त गाडी वरच्या रस्त्यावर नेऊन मग जपाला बसा. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्याकडच्या लोकांनी टिंगलीसाठीच काढली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी ‘नक्की माहीत नाही’ हे सहन न होणं असतं. कॅनडातल्या मिशेल दुगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. अनिश्चितता ज्यांना जितकी कमी सोसते तितकी त्यांची काळजी जास्त. ते सोसणं वाढवता येतं, पण धरणापासून सुरुवात करून नाही. लहान गोष्टींपासून. बस कुठे आली हे मोबाइलवर न बघता थांब्यावर उभ्या राहा. कुलूप लावल्यावर एकदाच ओढून बघा, जिन्यावरून परत येऊ नका. पाहुण्यांना काय आवडतं ते न विचारता भाजी करा. पहिल्या वेळी अंगाला खाज सुटल्यासारखं होतं, पाचव्या वेळी तेवढं होत नाही.

आता एक गंभीर मुद्दा. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल आणि जोडीला झोप, थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणं, लक्ष न लागणं, सतत बेचैनी यातल्या तीन-चार गोष्टी असतील, तर त्याला चिंतेचा विकार म्हणतात आणि त्यावर नीट उपचार आहेत. तुमच्या वयात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळी थांबण्याच्या काळातही झोपेचं आणि धडधडीचं असंच होतं. दुपारी चारनंतरचा चहा बंद करून बघा, पुणेकरांना हे सांगणं धाडसाचं आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी बंद करू नका. आणि शेजारणीची झोपेची गोळी अजिबात घेऊ नका, त्यातल्या काहींची सवय लागते. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस दूरध्वनी विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटायला लागलं तर साडेपाचची वाट बघू नका, तेव्हाच घरच्यांना सांगा आणि फोन लावा.

तुमच्याबाबतीत मी क्रम असा लावीन. या रविवारी सेक्रेटरींकडे जाऊन रेघा आणि पाळ्या. त्याच संध्याकाळी मुलाला तो एक प्रश्न. सोमवारपासून खुर्ची. वही जाडजूड आणू नका, कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस पानी मिळते ती पुरेल. आणि तुमच्या पाळीच्या रात्री थर्मासमध्ये काहीतरी गरम करून ठेवा, पहाटे चारला गारठा पडतो.